'डॉक्टर हू'ची मूळ धून: टेप, ब्लेड आणि श्रेयाचा वाद

या धुनीवरून चर्चेत नेहमी येणारे प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी मांडून ठेवते. एक, १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेची शीर्षकधून रॉन ग्रेनरने लिहिली, मग चाहते ती टेपवर घडवणाऱ्या डीलिया डर्बीशरचं नाव एवढं का घेतात? ती तर 'फक्त तंत्रज्ञ' होती, असं काहीजण म्हणतात. दोन, आज साध्या लॅपटॉपवर हवे तेवढे सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारी वाद्यं) असताना ती धून नव्याने केली की मूळच्या जवळ का जात नाही? तीन, नंतर आलेल्या ऑर्केस्ट्राने मालिकेचं संगीत बिघडवलं का?

मी मुंबईत मालिकांचं साउंड डिझाइन आणि मिक्सिंग करते. तिसऱ्या प्रश्नावर मी चाहत्यांइतकी तावातावाने बोलणार नाही. पहिल्या दोन्हींचं उत्तर मात्र माझ्या मते एकच आहे. ही धून संगीत विभागात तयार झालीच नाही. ती साउंड इफेक्ट्सवाल्यांच्या खोलीत, इफेक्ट्सच्या हत्यारांनी आणि इफेक्ट्सच्या सवयींनी तयार झाली. ती अशी वाजते ते त्यामुळे, आणि श्रेयाचा घोळ झाला तोही त्यामुळेच.

ही खोली म्हणजे बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप. ते १९५८ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत सुरू झालं. डॅफ्नी ओराम आणि डेस्मंड ब्रिस्को हे त्याचे संस्थापक. गरज होती रेडिओ नाटकांची. पात्राच्या डोक्यातला गोंधळ, स्वप्न, भीती ऐकवायची तर दाराची करकर आणि घोड्याच्या टापा पुरत नाहीत. सामान म्हणाल तर टेप मशीन, फिल्टर आणि टेस्ट-टोन ऑसिलेटर. हा ऑसिलेटर म्हणजे स्टुडिओतली यंत्रं तपासण्यासाठी एक सपाट सूर सोडणारी पेटी. ते वाद्य म्हणून कुणी बनवलेलंच नव्हतं. 'सिंथेसायझरवर वाजवलेली धून' असं सर्रास लिहिलं जातं ते इथेच चुकतं. रॉबर्ट मूगचा सिंथेसायझर आला १९६४ मध्ये, आणि ब्रिटनमध्ये गाजलेला ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ तर १९६९ मध्ये. १९६३च्या उन्हाळ्यात मेडा व्हेलमध्ये सिंथेसायझर नव्हताच.

मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पहिल्या कथानकाचा दिग्दर्शक वारिस हुसेन तिच्याहूनही लहान, मूळचा लखनौचा, लेखिका अत्तिया हुसेन यांचा मुलगा. लॅम्बर्टच्या डोक्यात होती 'ले स्ट्रक्चर सोनोर' ही फ्रेंच मंडळी. ते काचेच्या दांड्या घासून वाजवायच्या वाद्यांवर संगीत करत. ते काही जमलं नाही आणि गोष्ट वर्कशॉपकडे आली. ग्रेनर हा मूळचा ऑस्ट्रेलियन, टीव्हीच्या शीर्षकधुनांत नाव कमावलेला संगीतकार. त्याने एका कागदावर चाल लिहून दिली, खालचा बेस दिला, आणि मध्ये 'वाऱ्याचे बुडबुडे', 'ढग' अशा अर्थाच्या सूचना लिहिल्या. वाद्यं कुठली, हे जवळपास मोकळंच सोडलं. तो कागद डर्बीशर आणि तिचा सहायक डिक मिल्स यांच्या हातात पडला.

आता ब्लेडकडे येऊ. आकाशवाणीत स्पूलवर काम केलेल्या जुन्या माणसांना पुढचा भाग सांगायची गरज नाही, पण ज्यांनी फक्त माउसने क्लिप कापली आहे त्यांच्यासाठी जरा तपशिलात लिहिते.

टेप सेकंदाला पंधरा इंच वेगाने पळते असं धरा. म्हणजे एक सेकंद म्हणजे पंधरा इंच पट्टी. समजा लय मिनिटाला १२० मात्रांची आहे. मग एक मात्रा साडेसात इंचांची आणि तिचा तिसरा भाग अडीच इंचांचा. 'डॉक्टर हू'चा बेस हा असा तीन-तीनच्या चालीत दौडत जाणारा आहे. त्यातला एकेक ठोका म्हणजे टेपचा वेगळा तुकडा. तो मोजायचा, तिरका कापायचा, पुढच्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडायचा. कात्रीची एक अष्टमांश इंचाची चूक म्हणजे आठ-एक मिलिसेकंदांचा फरक. कानाला तो चूक म्हणून कळत नाही, पण चालीत काहीतरी जिवंत हललं एवढं कळतं.

हे झालं लांबीचं. सुराचं गणित वेगळंच. बेससाठी त्यांच्याकडे होती छेडलेल्या एका तारेची नोंद, बस एकच 'टुंग'. तिच्यावरून सगळे सूर काढायचे म्हणजे टेपचा वेग बदलून बदलून नकला घ्यायच्या. वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर जातो आणि आवाज निम्म्या वेळात संपतो. अर्धा सूर चढवायचा तर वेग सुमारे सहा टक्के वाढवायचा. खाली उतरायचं तर उलट, आणि मग आवाज लांबतो, म्हणून तो कापून आखूड करायचा. डर्बीशर केंब्रिजला गणित आणि संगीत दोन्ही शिकलेली. लॉगॅरिदमचं पुस्तक हाताशी ठेवून ती ही आकडेमोड करायची.

आजच्या नकला नेमक्या इथेच हरतात. तारेची नोंद वेग वाढवून वर नेली की नुसता सूर चढत नाही. छेडण्याचा जो पहिला 'टक्' असतो तोही आखडतो आणि टोकदार होतो. वेग कमी केला की तोच 'टक्' पसरतो, जड होतो. म्हणजे बेसमधला प्रत्येक सूर एका वेगळ्याच तारेवर, वेगळ्याच जोराने छेडल्यासारखा वाटतो. आजचं सॉफ्टवेअर सूर बदलताना लांबी आणि 'टक्' दोन्ही शहाण्यासारखं जपतं. सगळे ठोके एका साच्यातले निघतात. मग लोक म्हणतात, 'सगळं बरोबर आहे, पण मजा नाही.'

वरची चाल आणखी वेगळी. ती जी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ज्याला आपण सरळ मींड म्हणू, ती ऑसिलेटरचं बटण हाताने फिरवून, ठरलेल्या वेळेत, काढलेली आहे. जिथे सूर न घसरता उभे आहेत तिथे ऑसिलेटरांना जोडलेल्या पट्ट्या वापरल्या. ग्रेनरचे 'बुडबुडे' आणि 'ढग' हे पांढऱ्या गोंगाटाला, म्हणजे रेडिओ स्टेशन लागत नसताना जी सुसू येते तिला, फिल्टर लावून त्याचे तुकडे कापून केलेले आहेत.

मग हे सगळं एकत्र कसं वाजवलं? मल्टिट्रॅक, म्हणजे एकाच टेपवर अनेक थर वेगवेगळे घेण्याची सोय, नव्हतं. बेसची एक टेप, चालीची एक, गोंगाटाची एक, अशा वेगवेगळ्या मशीनवर लावायच्या, एकदम सुरू करायच्या आणि त्यांचं मिश्रण आणखी एका मशीनवर घ्यायचं. मशीन कितीही चांगलं असलं तरी दोन मशीन अगदी एका वेगाने पळत नाहीत. डिक मिल्सने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. मिश्रणात एक ठोका चुकीचा लागत होता आणि कुठल्या टेपमध्ये तो आहे ते काही सापडेना. शेवटी त्यांनी मेडा व्हेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारी शेजारी पसरल्या आणि जोड जुळतात का ते चालत चालत पाहत गेले. एक जोड इतरांच्या रेषेत नव्हता. तोच चोर. आज स्क्रीनवर तीन ट्रॅक एकाखाली एक लावून आपण हेच करतो, फक्त त्यांचा स्क्रीन जमिनीवर होता.

ग्रेनरने तयार धून ऐकल्यावर 'मी हे लिहिलं होतं?' असं विचारलं आणि डर्बीशरने 'बरंचसं' असं उत्तर दिलं, हा किस्सा चाहत्यांना पाठ आहे. माझ्या मते त्या 'बरंचसं'मध्ये सगळा वाद मिटतो. चाल ग्रेनरचीच आहे. पेटीवर वाजवा, ती ओळखू येते. पण पेटीवर वाजवलेली ती चाल ऐकून कुणाच्या अंगावर काटा येत नाही. काटा येतो तो त्या घसरणीने, त्या दौडणाऱ्या असमान ठोक्यांनी, आणि ते कागदावर नव्हते. ग्रेनरला स्वतःला हे कळलं होतं. त्याने डर्बीशरला सहसंगीतकाराचं श्रेय मिळावं म्हणून प्रयत्न केला. बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपची माणसं पगारी नोकर, त्यांचं काम विभागाच्या नावावर. म्हणून पडद्यावर ग्रेनर आणि 'बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप' एवढंच आलं. डर्बीशरचं नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत आलं ते २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात. ती २००१ मध्येच गेली होती.

'फक्त तंत्रज्ञ' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. आपल्याकडेही अरेंजर आणि प्रोग्रॅमर यांची नावं कॅसेटच्या पाठीवर यायला किती वर्षं गेली ते आठवा. हा प्रश्न लंडनचा एकट्याचा नाही. पण 'सगळं तिचंच, ग्रेनरने काय केलं' असं दुसऱ्या टोकाला जाऊन लिहिणारेही आहेत, आणि ते डर्बीशरच्या स्वतःच्याच उत्तराविरुद्ध बोलतात.

सिंथेसायझर असता तर हे सोपं झालं असतं, असा एक प्रतिवाद येतो. त्याची परीक्षा होऊन गेलेली आहे. १९७२ मध्ये वर्कशॉपमध्ये ईएमएसचा अवाढव्य सिंथी-१०० आलेला होता. स्टुडिओ डेलावेअर रोडवर, म्हणून त्याचं टोपणनाव 'डेलावेअर'. ब्रायन हॉजसन, पॅडी किंग्जलंड आणि खुद्द डर्बीशर यांनी त्यावर धून नव्याने केली. डर्बीशर तीच, चाल तीच, यंत्र कितीतरी पुढचं. निकाल असा की ती धून काही भागांना लावून पाहिली आणि मग मागे घेतली. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या काही प्रतींवर ती चुकून राहिली, म्हणून आज ऐकायला मिळते. जरूर ऐका. टुंगटुंग करणारं, गुळगुळीत, खेळण्यासारखं काहीतरी आहे. त्याच यंत्रावर माल्कम क्लार्कने त्याच वर्षी 'द सी डेव्हिल्स' या कथानकाला जे कर्कश, खरखरीत पार्श्वसंगीत दिलं त्यावरून चाहते अजून भांडतात. मला ते आवडतं, कारण तिथे यंत्राला यंत्रासारखं ओरडू दिलं आहे. जुन्या टेपची नक्कल करायला लावलं की तेच यंत्र हास्यास्पद होतं.

'इफेक्ट्सची खोली' म्हणताना मला फक्त शीर्षकधून अभिप्रेत नाही. त्या मालिकेत संगीत कुठे संपतं आणि इफेक्ट कुठे सुरू होतो हे सांगणं अवघड आहे. टार्डिस, म्हणजे मालिकेच्या नायकाचं, डॉक्टरचं, काळयान, सुटताना जो धापा टाकल्यासारखा आवाज येतो तो ब्रायन हॉजसनचा. त्याने आईच्या घराच्या दाराची किल्ली एका जुन्या पियानोच्या बेसच्या तारांवरून घासली. त्या तारांवर तांब्याचं वेटोळं असतं, त्यामुळे किल्ली सरकताना खरखर येते. मग ती नोंद टेपवर उलटसुलट करून, प्रतिध्वनी देऊन लांबवली. म्हणजे शीर्षकधुनीत छेडलेली तार, यानाच्या आवाजात घासलेली तार. दोन्ही एकाच घरातल्या वाटतात, कारण त्या खरंच एकाच घरातल्या आहेत.

डॅलेक, म्हणजे मालिकेतले यंत्रात बसलेले परग्रहवासी खलनायक, त्यांचा आवाजही तसाच. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम हे नट स्टुडिओत माइकपुढे बोलत आणि त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून जाई. त्यात आवाजाला साधारण ३० हर्ट्झच्या सुराने गुणलं जातं. गणित असं की आवाजातला ३०० हर्ट्झचा घटक गायब होऊन त्याजागी २७० आणि ३३० असे दोन उगवतात. ६०० चे ५७० आणि ६३० होतात. माणसाच्या गळ्यातले घटक एकमेकांच्या पटीत असतात, ते नातंच मोडतं. म्हणून कानाला शब्द कळतात पण गळा सापडत नाही. त्यावर हॉकिन्स आणि ग्रॅहम यांनी एकेक अक्षर तोडून, चढवत नेऊन बोलायची पद्धत बसवली. नुसतं सॉफ्टवेअरमधलं तयार प्लगइन लावून 'डॅलेक' करणाऱ्यांचा आवाज फसतो तो त्यामुळे. अर्धा डॅलेक नटाच्या तोंडात आहे.

आणि हे सगळं नंतर बसून लावलेलं नव्हतं, ही गोष्ट आपल्या क्षेत्रातल्या लोकांनाही चटकन पटत नाही. लाइम ग्रोव्ह स्टुडिओत भाग जवळजवळ नाटकासारखा सलग चित्रित व्हायचा. व्हिडिओ टेप कापणं महाग आणि किचकट होतं, त्यामुळे संगीत आणि इफेक्ट्स चित्रण चालू असतानाच टेप आणि तबकडीवरून सोडले जात. नट संवाद म्हणतोय, कॅमेरा सरकतोय, आणि वर नियंत्रण कक्षात एक माणूस बोट तयार ठेवून बसलाय. चुकला तर चुकला. म्हणून त्या काळच्या भागांत एकच गुणगुण मिनिटभर तशीच चालू राहते आणि लोक तिला 'मिनिमल साउंडस्केप' म्हणून गौरवतात. गौरवा हवं तर, पण त्यात अर्धा हिशोब सोयीचा होता.

इथे चाहत्यांचं एक ऋण नोंदवायला हवं, कारण त्याशिवाय आपण आज या संगीतावर बोलूच शकलो नसतो. बीबीसीने साठच्या दशकातल्या अनेक भागांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. नव्वदपेक्षा जास्त भागांचं चित्र आज उपलब्ध नाही. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आहे. का? तर तेव्हाच्या काही पोरांनी घरच्या टीव्हीपुढे माइक धरून, कुणी सरळ टीव्हीच्या आतून वायर काढून, स्पूल रेकॉर्डरवर भाग उतरवून घेतले होते. आई जेवायला हाक मारतेय, तेही कुठे कुठे येतं म्हणे. यातलाच पुढचा दुवा म्हणजे मार्क एअर्स. तो आधी चाहता, १९८८-८९ मध्ये मालिकेचा संगीतकार, आणि वर्कशॉप १९९८ मध्ये बंद झाल्यावर त्याच्या टेपांचा संग्रह लावणारा. डर्बीशरच्या धुनीचे थर वेगवेगळे करून ती कशी बनली हे ज्यांनी समजावलं त्यांत त्याचं नाव पहिलं. चाहत्यांच्या 'फालतू' नादाला नाकं मुरडणाऱ्या व्यावसायिकांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

राहिला ऑर्केस्ट्रा. यावर थोडक्यात. संगीतकार डडली सिम्प्सन १९६४ पासून १९७९ पर्यंत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या वादकांकडून पार्श्वसंगीत करून घेत होता, तेव्हा वाद्यं मालिकेला कधीच परकी नव्हती. १९८० मध्ये निर्माता जॉन नेथन-टर्नरने सगळं काम वर्कशॉपच्या सिंथेसायझरांकडे वळवलं आणि पीटर हॉवेलने शीर्षकधून यामाहा सीएस-८० वगैरे घेऊन नव्याने केली. ती चांगली आहे, कारण त्याने मूळ आवाजाची नक्कल न करता मूळ हालचाल पकडली. मींड ठेवली, वजन वाढवलं. २००५ मध्ये मरे गोल्डने तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणला, पण त्याखाली डर्बीशरच्या मूळ नोंदीतले आवाजच पेरले होते. ज्यांना ती धून 'भरीव पण ओळखीची' वाटते त्यांच्या कानाला हेच जाणवतं. माझी तक्रार आहे ती भागांतल्या पार्श्वसंगीताबद्दल. कितीतरी ठिकाणी ते संवादाच्या डोक्यावर बसतं. पण तो मिक्सिंगचा दोष मानायचा की रचनेचा, यावर दोन मिक्सर एकमताने बोलणार नाहीत. २०१८ मध्ये सेगन अकिनोलाने पुन्हा डर्बीशरच्या ध्वनींकडे तोंड वळवलं, ते मला पटलं.

तुमच्यापैकी ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांनी आधी बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' कार्यक्रमातली १९६५ची ती चित्रफीत बघावी, जिच्यात डर्बीशर टेपचे फास (लूप) फिरवत, पायाने ठेका धरत काम करताना दिसते. मग सॉफ्टवेअर उघडा. सिंथेसायझरचा एकही ट्रॅक घेऊ नका. गिटारची किंवा तंबोऱ्याची एक तार छेडून नोंदवा. सूर बदलताना टाइम-स्ट्रेच (लांबी जपणारी सोय) बंद ठेवा, वेग बदलला की लांबीही बदलू द्या. ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेल्या लयीच्या रेघांना, चिकटणं बंद करा आणि ठोके कानाने लावा. वरच्या चालीसाठी एक साधा साइन सूर घ्या आणि त्याची मींड पट्ट्यांवरून न काढता एका नॉबवरून हाताने, चालू लयीत नोंदवा. चुकेल, पुन्हा करा. शेवटी बेस, चाल आणि गोंगाट हे तीन ट्रॅक वेगवेगळे बाहेर काढून, प्रत्येकाचा वेग एका टक्क्याच्या अगदी लहानशा भागाने पुढेमागे हलवून परत एकत्र करा. पहिल्या आठ मात्रा जमल्या की इथे टाका, मी ऐकून सांगते कुठे अडकलंय ते.